ओस पडलेल्या गोद्या आणि सरकारचा हात

लंडनच्या पूर्वभागात, थेम्स नदीने घेतलेल्या एका विशाल वळणाच्या कुशीत जो भूभाग आहे आणि ज्याला तेथील लोक 'आइल ऑफ डॉग्ज' म्हणतात, त्याच्या उत्तरेच्या अंगास वेस्ट इंडिया गोदीच्या धक्क्यावर जुन्या विटांच्या वखारींची एक रांग अद्याप उभी आहे. १८०२ साली ही गोदी सुरू झाली, आणि कॅरिबियन बेटांत गुलामांच्या श्रमांवर पिकलेली साखर आणि तिच्यापासून काढलेली रम या वखारींत साठविली जाऊ लागली. आज त्यांपैकी एका वखारीत गोदीभागाचे वस्तुसंग्रहालय आहे, आणि ही गोदी उभारण्यात ज्याने पुढाकार घेतला त्या रॉबर्ट मिलिगन नामक गुलाममालकाचा पुतळा २०२० च्या जून महिन्यात तिच्या दारातून हलविण्यात आला आहे. संग्रहालयाच्या पायरीवरून समोर पाहिले असता, त्याच गोदीच्या पाण्यापलीकडे, पन्नास मजल्यांचा एक पोलादी मनोरा आणि त्याच्या भोवती पेढ्यांच्या व विमा कंपन्यांच्या उत्तुंग इमारतींचा घोळका दृष्टीस पडतो. वखार आणि मनोरा यांच्यामध्ये ज्या पिढ्या होऊन गेल्या, त्या पाण्यावर ज्यांचे पोट होते आणि त्या काठावर ज्यांचे घर होते, त्यांचे काय झाले, हा या लेखाचा विषय होय.

बंदरे जुनी होतात, ती ओस पडतात, आणि शहराच्या ऐन मध्यभागी शेकडो एकर जमीन व मैलोगणती किनारा एकाएकी निरुपयोगी होऊन पडतो, हा प्रसंग गेल्या सहा दशकांत जगातील बहुतेक प्रत्येक मोठ्या बंदराच्या शहरावर आलेला आहे. अशा वेळी बाजाराने आपण होऊन पुढे यावे, अशी अपेक्षा सहसा पुरी होत नाही. कारण जमीन एखाद्या सार्वजनिक मंडळाच्या ताब्यात असते, तिच्यावर रस्ते नसतात, तिच्याभोवती भिंती असतात, आणि तिच्या पोटात शंभर वर्षांचे तेल, राख आणि रसायने मुरलेली असतात. यास्तव सरकारला हात घालावा लागतो. तो त्याने घालावा की नाही, हा वाद आता फारसा उरलेला नाही. वाद उरला आहे तो एवढाच, की सार्वजनिक पैशाने, सार्वजनिक कायद्याने आणि सार्वजनिक रस्त्यांनी त्या जमिनीची जी किंमत वाढते, ती कोणाच्या खात्यावर जमा व्हावी. आणि माझ्या मते सर्व योजनांचे यशापयश याच एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे, मग त्या योजनेचे चित्र कागदावर कितीही मनोहर असो.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की गोदी ओस पडते म्हणजे व्यापार मरतो असे नव्हे. लंडनच्या गोद्या एकामागून एक बांधल्या गेल्या आणि पुढे पुढे नदीच्या मुखाच्या दिशेने सरकत गेल्या: वेस्ट इंडिया नंतर १८०५ साली वॉपिंगची लंडन गोदी, पुढच्याच वर्षी ईस्ट इंडिया गोदी, १८२८ साली सेंट कॅथरिन, १८५५ साली रॉयल व्हिक्टोरिया, १८८० साली रॉयल आल्बर्ट आणि अखेर १९२१ साली किंग जॉर्ज पंचम. यांपैकी सेंट कॅथरिन गोदी खोदण्यासाठी सुमारे अकरा हजार गरीब लोकांची घरे पाडण्यात आली, आणि भाडेकरू म्हणून त्यांपैकी बहुतेकांना कपर्दिकही मिळाली नाही. गोदी बांधतानाही माणसे उठविली गेली आणि गोदी मोडल्यावरही उठविली गेली, ही गोष्ट या विषयाच्या इतिहासात कोणी विसरू नये.

या गोद्यांतील श्रमाची रीत अशी होती की दररोज सकाळी फाटकाशी शेकडो माणसे जमावी, मुकादमाने त्यांतून हवी तेवढी निवडावी, आणि उरलेल्यांनी रिकाम्या हातांनी घरी परतावे. १८८९ साली बेन टिलेट, जॉन बर्न्स आणि टॉम मॅन यांच्या नेतृत्वाखाली या माणसांनी तासाला सहा पेन्स मजुरीसाठी जो संप केला आणि जिंकला, त्याने इंग्लंडच्या कामगार चळवळीचे स्वरूपच पालटून टाकले. तथापि रोजंदारीची ती अनिश्चितता पुरती नाहीशी व्हावयास १९६७ साल उजाडावे लागले. याच पाण्यावर आपल्याकडची माणसेही होती. रत्नागिरीच्या खाड्यांवरून मुंबईला येऊन पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटींवर खलाशी म्हणून चढलेले कोकणी मुसलमान लंडनच्या गोदीत उतरत, आणि परतीची बोट मिळेपर्यंत तेथील थंडीत दिवस काढीत. अशा परदेशी खलाशांसाठी लाइमहाउस भागात १८५७ साली एक आश्रयगृह उघडण्यात आले होते. लंडनच्या गोदीचा इतिहास आपल्याला सर्वस्वी परका नाही, तो असा.

मग पेटी, म्हणजे कंटेनर, आली. १९५६ साली माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराने एका जुन्या तेलवाहू जहाजावर ५८ पेट्या चढवून ते न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठविले, आणि त्या एका फेरीने जगातील प्रत्येक जुन्या गोदीच्या मृत्युदंडाच्या हुकमावर सही झाली. पूर्वी पोती, पिंपे, गासड्या आणि खोकी एकेक करून टोळ्यांच्या खांद्यांवरून उतरत, आणि जहाज धक्क्याला आठवडा आठवडा पडून असे. आता तीच सामग्री लोखंडी पेटीत बंद होऊन याऱ्यांच्या साहाय्याने काही तासांत उतरू लागली. पेटीला खोल पाणी हवे, मागे विस्तीर्ण पटांगण हवे, आणि मोठा रस्ता हवा. शहराच्या पोटातील, दरवाजांनी बंद होणाऱ्या, वखारींनी वेढलेल्या गोद्यांपाशी यांतले काहीच नव्हते. लंडनच्या बंदर प्राधिकरणाने स्वतःच आपले द्रव्य वीस-पंचवीस मैल खाली टिलबरीला गुंतविले. ईस्ट इंडिया गोदी १९६७ साली बंद झाली, सेंट कॅथरिन १९६८ साली, लंडन गोदी १९६९ साली, पलीकडच्या तीरावरची सरे गोदी १९७० साली, वेस्ट इंडिया व मिलवॉल १९८० साली, आणि १९८१ साली रॉयल गोद्यांनीही जहाजांना निरोप दिला. चौदा वर्षांत साडेआठ चौरस मैलांचा एक कष्टकरी मुलूख निरुद्योगी झाला. व्यापार थांबला नव्हता. तो केवळ नदीने खाली उतरून गेला होता, आणि माणसे मात्र मागे राहिली होती.

१९७० च्या १ मार्चला आइल ऑफ डॉग्जच्या रहिवाशांनी बेटाकडे येणारे रस्ते अडविले आणि आपण लंडनपासून स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले. वर्तमानपत्रांनी ती मौज म्हणून छापली. पण त्या माणसांची तक्रार साधी आणि खरी होती: बस वेळेवर येत नाही, शाळा पुरेशा नाहीत, दुकाने नाहीत, आणि सरकारदरबारी आमची दाद लागत नाही. या तक्रारीला मिळालेले पहिले उत्तर कागदी होते. १९७३ साली तज्ज्ञांनी पाच पर्याय मांडले, लोकांनी पाचही नाकारले. १९७४ साली स्थानिक संस्थांची संयुक्त समिती बसली, आणि १९७६ साली तिने एक सविस्तर आराखडा प्रसिद्ध केला, ज्यात उद्योग, भाड्याची सार्वजनिक घरे आणि बागा यांना प्राधान्य होते. आराखडा चांगला होता असे माझे मत आहे. परंतु समितीपाशी पैसा नव्हता, जमीन अनेक सरकारी खात्यांमध्ये वाटली गेली होती, आणि ज्या कारखान्यांची ती वाट पाहत होती ते कारखाने त्या काळी सगळ्या इंग्लंडातूनच उठून जात होते. लोकांचे ऐकणारी योजना होती, पण ती अमलात आणणारा अख्त्यार कोणापाशीच नव्हता. आणि जे लोक आज केवळ सहभागाच्या नावाने समाधान मानतात त्यांनी या पाच वर्षांच्या निष्फळतेचा विचार अवश्य करावा.

१९७९ साली सरकार बदलले. पर्यावरण खात्याचे मंत्री मायकेल हेसेल्टाइन यांनी १९८० च्या कायद्यान्वये जुलै १९८१ मध्ये लंडन गोदीभाग विकास महामंडळ स्थापन केले, आणि त्याला असे अधिकार दिले की जे शांततेच्या काळात इंग्लंडातील स्थानिक लोकशाहीने क्वचितच गमावले असतील. सार्वजनिक मालकीची जमीन एका हुकमाने महामंडळाच्या नावे करता येई. बांधकामाची परवानगी देण्याचा हक्क टॉवर हॅम्लेट्स, न्यूहॅम आणि सदर्क या तीन स्थानिक संस्थांकडून काढून महामंडळास दिला गेला. आणि महामंडळाचे सभासद लोकांनी निवडलेले नसून मंत्र्यांनी नेमलेले होते. पहिले अध्यक्ष नायजेल ब्रोक्स हे स्वतः बांधकाम व जहाज व्यवसायातील मोठे उद्योजक होते. शाळा, रुग्णालये, घरवाटप ही कर्तव्ये मात्र स्थानिक संस्थांकडेच ठेवण्यात आली. म्हणजे असे झाले, की ज्यातून मोल निर्माण होते ते एका मंडळाकडे गेले, आणि ज्यांना ते मोल हवे ती कामे दुसऱ्याच्या माथी राहिली. या वाटणीत पुढील सतरा वर्षांच्या सर्व कलहाचे बीज आहे.

१९८२ साली आइल ऑफ डॉग्जच्या मध्यभागी एक सवलतीचा प्रदेश घोषित झाला. तेथे दहा वर्षे घरपट्टी माफ, इमारतीच्या भांडवली खर्चावर प्राप्तिकरातून पूर्ण सूट, आणि बांधकामाच्या परवानगीची अडवणूक जवळजवळ शून्य. या सवलतींचा हिशेब सामान्य वाचक सहसा करीत नाही, कारण त्या महामंडळाच्या जमाखर्चात दिसत नाहीत; माफ केलेला कर हाही खर्चच होय, केवळ त्याची नोंद दुसऱ्या दप्तरी पडते. महामंडळाने जमिनी साफ केल्या, पाणी राखले, रस्ते काढले, आणि १९८७ साली सात कोटी सत्तर लाख पौंडांत डॉकलँड्स लाइट रेल्वे नावाची, चालकाविना धावणारी छोटी आगगाडी सुरू केली. त्याच वर्षी रॉयल गोद्यांमधील जुन्या धक्क्यावर एक विमानतळ उघडला. त्या विमानतळाच्या विरोधात स्थानिक लोकांनी १९८३ साली आपला स्वतःचा 'लोकांचा आराखडा' तयार केला होता, ज्यात गोदीतील जहाजदुरुस्ती, मालवाहतूक, बालसंगोपन आणि घरे यांचा हिशेबवार विचार होता. शासनाने तो स्वीकारला नाही. मला तो आराखडा त्या काळातील सर्वात विचारी कागदांपैकी एक वाटतो. कारण त्यात लोकांनी मागण्यांची यादी करून थांबण्याऐवजी आपल्या हातांना येत असलेल्या कामांची मोजदाद केली होती.

कॅनरी व्हार्फची कथा सर्वांना ठाऊक आहे, तरी तिचे एक दोन धागे सांगितले पाहिजेत. हे नाव कॅनरी बेटांतून येणाऱ्या फळांच्या धक्क्याचे. १९८५ साली त्या धक्क्यावर पेढ्यांसाठी एक नगर उभारण्याची कल्पना निघाली, आणि १९८७ साली टोरंटोच्या राइशमान बंधूंच्या ऑलिंपिया अँड यॉर्क कंपनीने ती अंगावर घेतली. सेझार पेली या वास्तुशिल्पज्ञाचा २३५ मीटर उंचीचा मनोरा १९९१ साली पुरा झाला, आणि पुढच्याच वर्षी, जमिनीच्या बाजारात मंदी येऊन आणि भुयारी रेल्वेचे आश्वासन लांबून, ती कंपनी दिवाळ्यात गेली. इमारती उभ्या आणि मजले रिकामे, असे ते दृश्य होते. १९९९ साली त्या भुयारी रेल्वेची ज्युबिली मार्गिका साडेतीन अब्ज पौंडांच्या खर्चाने तेथवर पोहोचली, तेव्हा कोठे त्या नगराचा जम बसला. बाजारास मोकळीक दिली म्हणजे सरकारचा खर्च वाचतो, अशी जी समजूत त्या योजनेच्या मुळाशी होती, तिला या रेल्वेने पुरते खोटे पाडले. सरकारने खर्च टाळला नाही, तो उशिरा केला, आणि उशिरा केल्यामुळे अधिक केला. लाइमहाउसखालून जाणारा, दोन किलोमीटरही न भरणारा एक बोगदा १९९३ साली सुमारे तीस कोटी पौंडांना पडला, हेही याच हिशेबात धरावे.

१९९८ च्या ३१ मार्चला महामंडळाने आपले दप्तर बंद केले तेव्हा त्याच्या नावावर सुमारे चोवीस हजार नवी घरे होती, लोकसंख्या चाळीस हजारांवरून ऐंशी हजारांच्या वर गेली होती, आणि नोकऱ्याही जवळजवळ तिप्पट झाल्या होत्या. हे कर्तृत्व लहान नव्हे. ज्याने १९८१ सालची ती चिखलाने भरलेली पाणथळे, तुटक्या काचांच्या वखारी आणि निरुद्योगी तरुणांचे नाके यांची छायाचित्रे पाहिली असतील, तो या कामास केवळ धनिकांचा खेळ म्हणून मोडीत काढणार नाही. पाण्याचे खंदक बुजवून टाकावे असा त्या काळी मोठा आग्रह असताना महामंडळाने बहुतेक गोद्या पाण्यासह राखल्या, याबद्दल त्याचे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु नोकऱ्या कोणाच्या, हा प्रश्न १९८८ साली पार्लमेंटच्याच रोजगार समितीने विचारला. आलेल्या नोकऱ्यांपैकी पुष्कळ जुन्या शहरातून स्थलांतर करून आलेल्या होत्या; गोदी कामगाराचा मुलगा पेढीत नोकरीस लागेल, यासाठी जे शिक्षण हवे, ते वेळेवर कोणी दिले नाही. १९८१ साली या भागातील शंभरांपैकी ऐंशीहून अधिक घरे भाड्याची सार्वजनिक घरे होती. नवी घरे मुख्यतः विकाऊ होती, आणि त्यांच्या किमती धक्क्यावरच्या कुटुंबाच्या मिळकतीपलीकडे गेल्या. १९८७ साली न्यूहॅमच्या स्थानिक संस्थेने महामंडळाशी करार करून रॉयल गोद्यांत दीड हजार परवडणाऱ्या घरांचे वचन मिळविले. पण त्या वचनाचा आधार जमिनीच्या वाढत्या भावावर होता, भाव कोसळले, आणि घरे कागदावर राहिली.

या असंतोषाचे सर्वांत कडू फळ १९९३ च्या सप्टेंबरात दिसले, जेव्हा आइल ऑफ डॉग्जवरील एका पोटनिवडणुकीत उघड वंशद्वेष करणाऱ्या पक्षाचा उमेदवार निवडून आला. घरांची टंचाई होती. तिचा दोष जमीन ज्यांच्या हाती होती त्यांच्यावर न येता, त्याच रांगेत उभ्या असलेल्या बांगलादेशी कुटुंबांवर आला. पुढच्या वर्षी तो उमेदवार पराभूत झाला, आणि त्या पराभवात बेटावरच्या सर्व वर्णांच्या लोकांचा वाटा होता. पण मनोऱ्याच्या सावलीत असे काही घडू शकते, ही गोष्ट नगररचनेच्या पुस्तकात लिहून ठेवण्याजोगी आहे. एकाच धंद्यावर उभे केलेले नगर किती स्थिर, याचेही उत्तर आता मिळू लागले आहे: एका जगद्विख्यात बँकेने २०२३ साली आपले मुख्यालय कॅनरी व्हार्फ सोडून जुन्या शहरात परत नेण्याचा निर्णय जाहीर केला.

लंडनच्या जोडीनेच, १९८१ सालीच, लिव्हरपूललाही असेच महामंडळ मिळाले. त्याच वर्षीच्या जुलैत टॉक्स्टेथ भागात दंगे पेटले होते, आणि हेसेल्टाइन त्यानंतर कित्येक दिवस त्या शहरात जाऊन राहिले. जेसी हार्टली याने लोखंड, वीट आणि दगड यांनी बांधलेली, १८४६ साली उघडलेली आल्बर्ट गोदी १९७२ पासून गाळाने भरून पडली होती. ती उकरून, तिच्या वखारी दुरुस्त करून, त्यांत १९८८ साली टेट कलादालनाची शाखा उघडण्यात आली. लिव्हरपूलकडे लंडनसारखा पेढ्यांचा लोंढा नव्हता, म्हणून तेथे जुन्या वास्तूच राखाव्या लागल्या, आणि त्यामुळेच ते काम अधिक देखणे झाले. पुढे २००४ साली तो किनारा जागतिक वारशाच्या यादीत आला. २०२१ साली, नव्या बांधकामांमुळे त्याचे स्वरूप बिघडले या कारणास्तव, यादीतून वगळलाही गेला.

अमेरिकेतील बाल्टिमोरने १९८० साली आपल्या आतल्या बंदरावर बाजारपेठ व नंतर मत्स्यालय उभारून जे उदाहरण घालून दिले, त्याचे अनुकरण जगभर झाले. पण पर्यटकांच्या बाजाराने शहराच्या आतल्या वस्त्यांतील दारिद्र्य हलत नाही, एवढाच त्याचा धडा आहे, आणि त्यावर अधिक वेळ घालवावा असे मला वाटत नाही. रॉटरडॅमचे उदाहरण अधिक विचारार्ह आहे. तेथे नगरपालिकेने स्वतः, रीक बाकर या नगररचनाधिकारी बाईंच्या आग्रहाने, मास नदीच्या दक्षिण तीरावरील ओसाड धक्क्यांना शहराच्या मध्याशी जोडण्याचे ठरविले, १९९६ साली एरास्मस पूल बांधला, आणि त्या योजनेतच दक्षिणेकडील गरीब वस्त्यांतील रहिवाशांना काम व शिक्षण देण्याचा एक स्वतंत्र कार्यक्रम जोडला. ज्या इमारतीतून एके काळी हजारो स्थलांतरित अमेरिकेला निघत, ती हॉलंड अमेरिका लाइनची कचेरी पाडली न जाता १९९३ साली उपाहारगृहासह हॉटेल झाली. पूल आधी आणि इमारती मागाहून, हा क्रम लंडनच्या अगदी उलट होता.

परंतु मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हॅम्बुर्गचे उदाहरण. १९९७ साली महापौर हेनिंग फोशेराऊ यांनी एल्बे नदीच्या काठावरील १५७ हेक्टर बंदरभूमी शहरात मिसळण्याची योजना जाहीर केली, आणि २००० साली तिचा आराखडा मंजूर झाला. जमीन शहराची होती. ती एका सार्वजनिक कंपनीच्या हाती, एका स्वतंत्र निधीच्या रूपाने ठेवण्यात आली. जमीन विकून येणारा पैसा त्याच निधीत जमा व्हावा आणि त्यातूनच रस्ते, पूल, घाट, उद्याने यांचा खर्च व्हावा, असा नियम. विशेष हे, की निवासी भूखंड देताना केवळ चढ्या बोलीवर भिस्त ठेवली नाही. कोण काय बांधणार, तळमजल्यावर काय ठेवणार, भाड्याची किती घरे देणार, यांवर पसंती ठरे, आणि पसंत झालेल्याला आधी ठराविक मुदतीचा हक्क देऊन, नकाशे पुरे झाल्यावरच खरेदीखत होई. त्यामुळे भूखंड अडकवून बसणाऱ्यास जागा राहिली नाही. एल्बेला भरती व वादळी पूर येतो, म्हणून इमारती समुद्रसपाटीपासून आठ मीटरांच्या आसपास उंच चौथऱ्यांवर बांधल्या गेल्या, आणि पाण्याच्या कडेचे मार्ग सर्वांसाठी खुले राहिले. आरंभीच्या वर्षांत येथेही महागड्या घरांचेच प्रमाण अधिक होते, आणि टीका झाल्यावर शहराने पुढच्या भूखंडांवर सवलतीच्या भाड्याच्या घरांचा वाटा वाढविला. तो वाढविणे शक्य झाले याचे कारण एवढेच, की भूखंड अद्याप शहराच्या हाती होते. त्याच किनाऱ्यावरील एल्बफिलहार्मोनी नावाच्या संगीतगृहाचा खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पट होऊन अखेर शहाऐंशी कोटी युरोंच्याही वर गेला व ते २०१७ साली उघडले, हा डाग त्या शहराने लपविला नाही, आणि मीही लपवीत नाही. तथापि चूक करूनही पुढचा निर्णय सुधारता येण्याइतकी जमीन आणि सवड त्यांच्यापाशी उरली होती. लंडनपाशी १९९२ साली ती उरली नव्हती.

आता मुंबईकडे वळले पाहिजे, कारण हा प्रश्न मराठी वाचकाच्या दाराशी येऊन उभा आहे. कुलाब्याच्या ससून गोदीपासून वडाळ्यापर्यंत शहराची सबंध पूर्व बाजू भिंतीआड आहे. पी. डि'मेलो मार्गावरून रोज जाणाऱ्या हजारो माणसांना आपण समुद्राच्या इतक्या जवळून जात आहोत याची जाणीवही होत नाही. आणि तो मार्ग ज्यांच्या नावाचा आहे त्या गोदी कामगारांच्या पुढाऱ्याने ज्या माणसांसाठी आयुष्य वेचले, त्या टोळ्याही आता तेथे नाहीत. १८८० ची प्रिन्सेस गोदी, १८८८ ची व्हिक्टोरिया गोदी, जिच्यात १९४४ च्या १४ एप्रिलला 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट होऊन मांडवीपर्यंत आग पसरली, आणि १९१४ ची अलेक्झांड्रा, म्हणजे आजची इंदिरा गोदी, यांपैकी पहिल्या दोन गोद्या कंटेनरच्या एका प्रकल्पासाठी भरावाने बुजविल्या गेल्या. लंडनने जे पाणी राखले ते आपण मातीने भरले. १९८९ च्या मे महिन्यात खाडीपलीकडे न्हावाशेवा बंदर सुरू झाले, आणि टिलबरीची कथा येथे पुन्हा घडली: सरकारनेच जुन्या बंदराचा व्यापार उचलून पलीकडे नेला.

बंदराची जमीन किती आणि तिचे काय करावे, यावर २०१४ साली राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि मोकळ्या जागा व सार्वजनिक वाहतूक यांना तिने मोठा वाटा दिला. २०१८ साली बंदर विश्वस्त मंडळास सुमारे ९६६ हेक्टर क्षेत्राचे विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. २०२१ च्या कायद्याने विश्वस्त मंडळाचे प्राधिकरण झाले. यात लंडनशी असलेले साम्य मला अस्वस्थ करते: नियोजनाचा अधिकार येथेही निवडलेल्या महानगरपालिकेकडून निघून केंद्राच्या अखत्यारीतील मंडळाकडे गेला आहे, आणि शाळा, दवाखाने, पाणी हे मात्र पालिकेच्याच वाट्याला राहणार आहे. वैषम्य हे, की लंडनचा गोदीभाग ओस होता, आपला नाही. दारुखान्यात आजही जहाजे फोडली जातात. रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी येथे लोखंडाच्या, लाकडाच्या वखारी आहेत. ससून गोदीत पहाटे मासळीचा लिलाव होतो. भाऊच्या धक्क्यावरून रेवस-मोऱ्याच्या लाँचा सुटतात. आणि बंदराच्या जमिनीवर हजारो कुटुंबांच्या झोपड्या आहेत, ज्यांची नोंद कोणत्याही आराखड्यात 'अतिक्रमण' या एकाच शब्दाने होते. शिवडीच्या चिखलात रोहित पक्षी उतरतात, आणि २०२४ च्या जानेवारीपासून त्यांच्या जवळून न्हावाशेव्याचा सागरी सेतू जातो. या सर्वांना 'मोकळी जमीन' म्हणणे हे चुकीचे वर्णन आहे, आणि चुकीच्या वर्णनावर योग्य योजना उभी राहत नाही.

जमिनीचे मोल निसटते कसे, हे मुंबईने गिरण्यांच्या बाबतीत पाहिले आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांतील अठ्ठावन्नाव्या कलमाप्रमाणे गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेला मालकास मिळावयाचा होता. चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९६ साली या जमिनींचा एकत्रित नकाशा काढला होता. २००१ साली नियमात अशी दुरुस्ती झाली की ही वाटणी सबंध जमिनीला न लागता केवळ आधीच रिकाम्या असलेल्या भागाला लागू राहिली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. शब्दांच्या एका बदलाने शहराचा वाटा ओंजळीतल्या पाण्यासारखा गळून गेला. गिरण्यांची पुष्कळशी जमीन निदान खासगी होती. बंदराची जमीन सरकारची आहे, म्हणून येथे तो गळाला तर त्यास कोणतीही सबब उरणार नाही.

बंदराच्या भाडेकरूंच्या खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने जे सांगितले त्याचा आशय असा होता, की सार्वजनिक घरमालकाने खासगी घरमालकासारखे केवळ नफ्याकडे डोळा ठेवून वागू नये. हे तत्त्व भाड्यापुरते न ठेवता सबंध पुनर्रचनेस लावावे असे माझे मत आहे. माझ्या मते पुढीलप्रमाणे व्हावे: जमीन विकू नये, ठराविक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावी, पट्ट्याचे उत्पन्न एका स्वतंत्र निधीत जमा होऊन ते याच किनाऱ्यावर खर्च व्हावे, झोपड्यांतील कुटुंबांची घरे प्रथम आणि त्याच प्रभागात बांधावी, मनोऱ्यांच्या नफ्यातून मागाहून नव्हे, आणि पाण्याची कड सलगपणे लोकांची राहावी. या मागण्या कोणास अव्यवहार्य वाटत असतील तर त्यांनी मुंबईच्याच दप्तरांत थोडे मागे जावे. १८५८ साली स्थापन झालेल्या एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीच्या हाती या किनाऱ्याचा मोठा भाग होता. एका खासगी कंपनीच्या मुठीत शहराचा समुद्र असणे व्यापारास घातक आहे, हे ओळखून तेव्हाच्या सरकारने ती मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ साली नव्याने निर्माण झालेल्या पोर्ट ट्रस्टच्या स्वाधीन केली. पुढे १९१४ ते १९१८ या महायुद्धाच्या वर्षांत, अलेक्झांड्रा गोदी खोदताना निघालेल्या मातीने समुद्र हटवून, बावीस एकर भूमीवर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली; जॉर्ज विटेट यांनी तिच्या रस्त्यांना रुंदी आणि इमारतींना एकसारखी उंची नेमून दिली, आणि ट्रस्टने भूखंड विकले नाहीत, पट्ट्याने दिले. त्या दगडी इमारतींत शतकभरात किती जहाजकंपन्या आल्या, बुडाल्या आणि नवी नावे लावून परत आल्या. त्यांच्या खालची जमीन मात्र अजून बहुतांशी बंदराच्याच दप्तरी नोंदलेली आहे.